तरंगबाबाला न दिसलेलं शेपूट

चोपड्याबाहेरच्या पटांगणात बुधवारी दुपारी तीन-चार हजार माणसं मांडवाखाली बसली होती आणि सगळी एका माणसाचे डोळे उघडण्याची वाट बघत होती. स्टेजवर मखमली खुर्चीत तरंगबाबा डोळे मिटून बसला होता. अंगात रेशमी झब्बा, डोक्याला कानांवरून घट्ट गुंडाळलेला जांभळा फेटा. आमच्या खान्देशात एप्रिलमध्ये माणूस अंगातला सदराही काढू पाहतो आणि हा गृहस्थ कान झाकून बसला होता. का, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. खरं तर सुचायला हवा होता, कारण माझा धंदाच तो आहे.

"विश्व म्हणजे काय? तरंग," बाबाने सुरुवात केली. "तू तरंग, मी तरंग, हा भोंगा तरंग. डॉक्टर शरीर बघतो. मी तरंग बघतो. ज्याचे तरंग शुद्ध, त्याचं घर मला इथं बसून दिसतं."

लोक माना डोलवत होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका पँटशर्टवाल्याने "सगळं सायन्सच आहे हो" असं म्हणून हात जोडले. सायन्स बिचारं काय करणार, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बाबाने एकदम हात वर केला. "भिकन. गिरणीशेजारचा भिकन. ऊठ."

सत्तरीचा एक म्हातारा उभा राहिला.

"तुझ्या घरात दोन दुखणी आहेत. एक नात, दिपमाला. रक्तात साखर. सात वर्षं रोज सुई टोचते. सोयरिक मोडेल म्हणून तू कुणाला सांगितलं नाहीस. खरं की खोटं?"

म्हातारा रडायलाच लागला. मांडवात "बाबा की जय" घुमलं.

"दुसरी चंद्री. तुझी सून. पोटुशी आहे, पायाला सूज आहे. चिंता सोड. मुलगा होईल."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, मिटलं, इकडेतिकडे बघितलं आणि हात जोडले. मला वाटलं, भक्तीने शब्द फुटत नसावेत.

"आता औषध बंद. औषध म्हणजे माझ्यावर अविश्वास. घरातली सगळी सुई-बाटली तरंगकुंडात टाक. एकवीस दिवस फक्त माझं पाणी."

तरंगकुंड म्हणजे लाल कापड गुंडाळलेली धान्याची कोठी. म्हाताऱ्याच्या मागून एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पुढे आली. येताना घरातली सगळी औषधं आणा, असं मांडवातून आधीच सांगितलं होतं. तिच्या हातात इन्सुलिनचा डबा होता, फ्रिजमधल्या साठ्यासकट. मी तिला ओळखलं. ती माझ्याच वर्गातली होती.

मी कोण, ते सांगतो. मी धुळ्याचा. बिनतारी नेटवर्क म्हणजे वायफाय, ते कसं चालतं, कसं बसवायचं आणि त्यातून चोर कसा शिरतो, हे शिकवण्याच्या कार्यशाळा घेत तालुक्या-तालुक्याला हिंडतो. चोपड्याला तीन दिवसांची होती. मंगळवारी अठ्ठावीस जण आले. बुधवारी नऊ. बाकीचे तरंगबाबाच्या दरबारात. तेव्हा मला बाबाचा राग आधी समाजासाठी वगैरे आला नाही, रिकाम्या खुर्च्यांसाठी आला, हे कबूल करतो. जेवणाच्या सुट्टीत शाझियाला घेऊन मी माझी पळालेली पोरं शोधायला इथं आलो होतो. शाझिया माझ्या वर्गातलीच, गावातल्या इसाकभाईंची मुलगी. बापलेकीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दिपमाला तिची मैत्रीण.

"दिपमाला, ते टाकू नकोस," मी ओरडलो. "दोन दिवसांत जीव जाईल."

दोन स्वयंसेवकांनी माझे दंड धरले. "काका, तुमचे तरंग गढूळ आहेत," एक जण शांतपणे म्हणाला. मला त्यांनी मांडवाबाहेर नेऊन सोडलं. चप्पल शोधायलाही वेळ दिला नाही.

दारातल्या टेबलावर नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहून घेत होते. गर्दी अडवायला बांधलेल्या दोराजवळ एक म्हातारी बसली होती, ताईबाई नाव. ती सकाळपासून तिथंच होती. तिला मोबाइल नव्हता. "आजी, तुमचे तरंग फार क्षीण आहेत, उद्या या," असं तिला सांगत होते. ती मान हलवायची आणि परत तिथंच बसायची.

मी वर्गावर परत गेलो आणि नऊ जणांना शिकवलं. शिकवलं काय, तर फुकटचं नेट फुकट नसतं. ज्या मुलीला तो धडा हवा होता, ती त्या वेळी औषधं कोठीत टाकून घरी निघाली होती. मी तिच्या घरी त्याच दिवशी जायला पाहिजे होतं. गेलो नाही. पोरगी शिकलेली आहे, समजेल तिचं तिला, असं म्हणून मी मोकळा झालो. ही चूक माझी.

गुरुवारी सकाळी सातला शाझियाचा फोन आला. "सर, दिपाला पहाटेपासून उलट्या होताहेत. श्वास भराभर चाललाय. आबा दवाखान्यात नेऊ देत नाहीत. तुम्ही या."

गिरणीशेजारचं घर. पुढे ओटा, बाजूला गोठा. दिपमाला ओट्यावरच्या खाटेवर पडली होती. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. शेजारी बाबाच्या पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या. भिकनआबा तिचे पाय चेपत होते. तिचे आईवडील सुरतेला मिलमध्ये. पोरगी लहानपणापासून आजोबांजवळ वाढलेली.

"आबा, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणालो.

"बाबानी सांगं, आधी इख भायेर निंघी, मंग बरं वाटी," आबा म्हणाले. इख म्हणजे विष, इथं औषधाचं. आवाजात हट्ट नव्हता, भीती होती. "मास्तर, मी काही येडा नही. पन त्या मानसानी बठ्ठं वळखं. दिपानं नाव, सुईनी गोठ. सात वरीस आम्ही भाऊबंदलेबी नही सांगं. आन चंद्रीनंबी वळखं."

"चंद्री म्हणजे तुमची सून ना? कुठे आहे ती? तिला सांगा, रिक्षा बोलवा."

आबांनी माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. "हाई काय. तुम्हना मांगेच हुभी शे."

मी वळलो. गोठ्यात एक काळीभोर म्हैस रवंथ करत उभी होती. गाभण होती आणि मागचा एक पाय सुजला होता. कानात पिवळा बिल्ला. मला बघून तिने शेपूट हलवलं.

मला अशा वेळी हसू यायला नको होतं, पण आलं.

"आबा, बाबा तर सून म्हणाले."

"मोठा मानोस तो. त्याले सून काय, म्हैस काय, सारखीच." आबा म्हणाले, "खरं सांगू? मन्हा मनमा जरा चुकचुकनंच व्हतं. पन येवढी मानसं टाळ्या वाजी राहिनथी. मी एकला काय बोलू?"

"बाबाला तिचं नाव माहीत, तिचा पाय माहीत, पोटातलं माहीत. आणि एवढं मोठं शेपूट माहीत नाही?" मी विचारलं.

आबा म्हशीकडे बघत राहिले. तिच्याकडे ते नवीन जनावर आणल्यासारखे बघत होते.

खाटेवरून दिपमालाचा आवाज आला. अगदी बारीक. "सर, चंद्रीचं नाव मी आयुष्यात एकाच ठिकाणी लिहिलंय. गावनेटवर."

शाझियाने तिला उठवून बसवलं. दम घेत घेत तिने सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर इस्त्रीच्या कपड्यांतल्या दोन पोरांनी एक पांढरा डबा बसवला. गळ्यात ओळखपत्रं, हातात कागद. 'मोफत गावनेट' अशी पाटी लावली. मोबाइलमध्ये नेट सुरू करायचं तर आधी एक फॉर्म भरायचा. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, घरातली माणसं किती, आजारी कोण, आजार कोणता, औषध कोणतं, मनातली चिंता कोणती. वर लिहिलेलं, 'आरोग्य योजनेसाठी, माहिती गुप्त राहील.' एका आजाऱ्याला अर्धा तास नेट. दुसऱ्याची माहिती दिली की आणखी अर्धा तास.

"माझं हॉलतिकीट उतरत नव्हतं," दिपमाला म्हणाली. "वेळ संपली. दुसरं कोणी आजारी नव्हतं. आबा शेजारी होते, ते म्हणाले, चंद्रीचं भर, तिचा पाय सुजलाय, तीपण घरचीच आहे. फॉर्म आबांच्या नावाचा, त्यांच्याशी नातं काय ते विचारत होतं. आई, बायको, मुलगी, सून, नात. जनावर असं काही नव्हतंच. मी सून केलं आणि 'गरोदर'वर खूण केली."

बाबाला जे दिसलं होतं ते फॉर्ममध्ये होतं आणि फॉर्ममध्ये जे नव्हतं ते बाबाला दिसलं नव्हतं. शेपटीला रकानाच नव्हता.

भिकनआबा उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि रस्त्यावर जाऊन दिसेल त्या पहिल्या रिक्षापुढे आडवे उभे राहिले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, एक शिवी ओठांवर आली ती गिळली आणि सलाइन लावलं. "अजून चार-सहा तास उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं," त्या आबांना म्हणाल्या. आबांनी ऐकलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

शाझियाने तेव्हा पिशवीतून वही काढली. मंगळवारी मी सगळ्यांना एक काम दिलं होतं. गावात फिरायचं, मोबाइलमध्ये कुठे कुठे वायफाय दिसतं त्याचं नाव लिहायचं, जोर किती तो लिहायचा आणि त्या डब्याचा स्वतःचा नंबर लिहायचा. वायफायच्या प्रत्येक डब्याला कारखान्यातून एक नंबर येतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा. डब्याचं नाव आपण हवं ते ठेवतो, नंबराला सहसा कोणी हात लावत नाही. शाझियाने मंगळवारी स्टँडवरच्या गावनेटचा नंबर लिहिला होता. बुधवारी मांडवात बसल्या बसल्या, सवयीने, तिथल्या वायफायचीही नोंद केली होती. नाव होतं 'तरंग दरबार'.

तिने दोन पानं शेजारी शेजारी धरली. बारापैकी बारा अक्षरं सारखी.

"सर, स्टँडवरचा डबा मंगळवारी रात्री काढून नेलाय. तो तिथं बसलाय," ती म्हणाली. "अब्बा म्हणालेच होते, दोन आठवड्यांत गावनेट बंद का पडलं म्हणून."

मी आबांना हे कसं समजवावं याचा विचार करत होतो. त्यांनीच वही मागून घेतली. आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हनजे चंद्रीना कानमा बिल्ला शे तसं," ते म्हणाले. "त्यावरबी बाराच आकडा शेतस. म्हैस ईका, तिनं नाव बदला, बिल्ला तोच राहस."

वीस वर्षं मी हा धडा शिकवतो. इतक्या कमी शब्दांत मला तो कधी सांगता आला नाही.

चार वाजता आम्ही मांडवात पोचलो. मला आत सोडतील की नाही याची शंका होती, पण भिकनआबांना बघून स्वयंसेवकांचे चेहरे उजळले. कालचा चमत्कार स्वतःच्या पायांनी साक्ष द्यायला आलेला. त्यांनी आबांना हाताला धरून स्टेजवर चढवलं आणि माइक त्यांनीच हातात दिला. आम्हाला कष्टच पडले नाहीत.

"बोल भिकन, अनुभव सांग," बाबा म्हणाला.

"महाराज, अनुभव मंग सांगस. आधी चंद्रीना बद्दल अजून काही सांगा. माले तिनी लई काळजी वाटस."

बाबाने डोळे मिटले. फेटा जरा कानावर दाबला. "सून गुणाची आहे. तिला जड काम देऊ नकोस. डोहाळे पुरव. सातव्या महिन्यात ओटी भर. बाळंतपणाला माहेरी धाडू नकोस, तिकडचे तरंग जड आहेत."

"व्हय. तिनं माहेर धरणगाव. मी तिले तठला गवळीकडतीन इकत लयेल शे."

मांडवात कुजबुज झाली. सून विकत? बाबाने एक डोळा उघडला.

"म्हैस शे ती, महाराज," आबा म्हणाले. "डोहाळामा सरकी-ढेप मांगस."

आधी पुढच्या ओळीत कोणीतरी फुसकन हसलं. मग बायकांच्या बाजूने हशा उसळला. गिरणीच्या आसपासच्या सगळ्यांना चंद्री माहीत होती, ती रोज त्यांच्याच दारावरून पाण्यावर जायची. काल हे लोक गप्प का बसले होते? आबा बसले होते त्याच कारणाने. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे टाळ्या वाजवताहेत म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असेल.

बाबा मात्र मुरलेला होता. "जीव एकच रे. म्हैस काय आणि सून काय. अज्ञानी माणसाला भेद दिसतो."

आणि खरं सांगतो, पाच-पन्नास माना परत डोलायला लागल्या. माझ्या शेजारचा कालचा पँटशर्टवाला "अद्वैत" असं पुटपुटला. माणसाने ठरवलं तर तो म्हशीलाही सून मानतो, पण आपण फसलो हे मानत नाही.

शाझिया तोवर स्टेजच्या पायरीवर चढली होती. ती दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तशीच बोलली. "स्टँडवर गावनेटचा फॉर्म ज्यांनी भरला, त्यांनी हात वर करा."

थोडे थोडे करत बरेच हात वर झाले.

"हात वरच ठेवा. आता काल-आज बाबांनी ज्यांना नावाने हाक मारली, त्यांनी उभं राहा."

एकवीस-बावीस माणसं उभी राहिली. प्रत्येकाचा हात वर होता, नाहीतर शेजारी बसलेल्या त्याच्या पोराचा. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"फॉर्म भरलेला नाही आणि तरी बाबांनी ओळखलं, असं एक माणूस दाखवा. एकच."

लोक मागेपुढे वळून शोधू लागले, असा कोणी निघाला नाही. मग शाझियाने स्टँडवरच्या डब्याचा वहीतला नंबर आणि मांडवातल्या डब्याचा मोबाइलमध्ये दिसणारा नंबर वाचून दाखवला, दोन्ही एकच. ती म्हणाली, "तुमचं घर बाबांना दिसत नाही. तुम्हीच लिहून दिलेलं कोणीतरी त्यांच्या कानात वाचतं. दारात मोबाइल नंबर घेतात तो त्यासाठी. नंबर टाकला की तुमचा फॉर्म निघतो."

स्वयंसेवक तिच्याकडे सरकले तेव्हा दोराजवळची ताईबाई उठली. दोन दिवस बसून तिचे गुडघे धरले होते. ती सरळ स्टेजखाली येऊन उभी राहिली आणि बाबाकडे मान वर करून बोलली.

"माले मोबाइल नही. मन्हा घरमा कोन आजारी शे, ते सांग."

बाबाने डोळे मिटले. फेटा दाबला. थोडा वेळ गेला. परत दाबला. चार हजार माणसं वाट बघत होती आणि फेट्यातून काही येत नव्हतं, कारण वाचणाऱ्यापाशी ताईबाईचा कागदच नव्हता.

"आजी, तुझे तरंग…"

"कोनीबी आजारी नही," ताईबाई म्हणाली. "मी एकलीच शे. मन्हा मालक गेला साल वारना. तो सुखमा शे का, येवढंच इचारानं व्हतं. दोन दिन बसाडी ठेवं तुनी माले."

ती रडली नाही. परत फिरली आणि चपला शोधू लागली. त्यानंतर लोक जे उठले ते कोणाला आवरेनात. फेटा कोणी ओढला मला दिसलं नाही, पण बाबाच्या कानातून हरभऱ्याएवढं यंत्र खाली पडलं. स्टेजमागच्या गाडीत पांढरा डबा सापडला, लॅपटॉप सापडला आणि इस्त्रीच्या कपड्यांतली दोन्ही पोरं सापडली. लॅपटॉपवर गावाची सगळी दुखणी नाववार लावलेली होती. बाबा एका बाबतीत खोटं बोलत नव्हता. तरंग होतेच. ते त्या डब्याचे होते आणि असा डबा बाजारात दोन हजारांत मिळतो.

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मी साक्ष दिली आणि माझी चप्पल शोधली, ती मिळाली नाही.

शुक्रवारी पोलीस ठाण्यात तरंगकुंड रिकामं केलं. टेबलावर औषधांचा ढीग झाला. रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयाच्या सहा महिन्यांच्या कोर्सातली पाकिटं, फिटच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, दिपमालाचा इन्सुलिनचा डबा. दोन दिवस लोक येत होते. मान खाली घालून आपापलं औषध ओळखून नेत होते. भिकनआबांनी डबा नेला आणि जाताना हवालदाराला म्हणाले, "मन्ही चूक शे, लिखी ठेवा." अशी नोंद कुठे करतात हे हवालदाराला माहीत नव्हतं.

सगळं गेलं, एक वस्तू राहिली. दम्याचा छोटा पंप, लहान मुलांचा, वर घोड्याचं स्टिकर चिकटवलेलं. तो न्यायला कोणी आलं नाही. कदाचित आईबापांनी नवा घेतला असेल. कदाचित पोलिसांत यायला लाजले असतील. तिसरीही एक शक्यता आहे, ती मी लिहीत नाही. तालुक्यातल्या दवाखान्यांत आम्ही विचारलं. पत्ता लागला नाही.

कार्यशाळा पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतली. दिपमाला आली. बाकावर बसून सगळ्यांसमोर इन्सुलिनची सुई टोचून घेतली, मग वही उघडली. मागच्या खुर्चीवर भिकनआबा बसले होते. सोयरिकीचं काय, असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याले सुईनी भीती वाटस, त्यानं घर आम्हले नको." आता स्टँडवर कोणीही फॉर्म पुढे केला की आबा आधी चंद्रीचं नाव लिहायला लावतात आणि समोरचा काय करतो ते बघतात.

मंडळी, देवावर श्रद्धा ठेवायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी त्यात पडत नाही. पण कोणी तुमच्या घरातली गुप्त गोष्ट सांगितली तर पाया पडण्याआधी एवढं आठवून बघा, ही गोष्ट आपण कुठे लिहिली होती, कुणाला दिली होती. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत विचारा. चालू औषध डॉक्टरांशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. आणि चार हजार माणसं टाळ्या वाजवत असताना मनात जरा चुकचुकलं, तर ते बोलून टाका. बुधवारी मांडवात ज्यांना चंद्री माहीत होती त्यांच्यातला एक जरी बोलला असता, तर तो पंप त्या पोराच्या खिशात राहिला असता.